वैनगंगेचे पाणी समुद्रात गेल्यावर

पाण्याचे वजन तापमानाबरोबर बदलते. २० अंश सेल्सिअसचे एक घनमीटर गोडे पाणी साधारण ९९८ किलो भरते. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले की प्रसरण पावते आणि तेवढ्याच जागेत अडीच किलो पाणी कमी मावते. ४ अंशांना गोडे पाणी सर्वांत जड असते, त्याखाली गार होताना ते पुन्हा हलके होऊ लागते. समुद्राच्या पाण्याला हा शेवटचा नियम लागू पडत नाही. त्यात दर किलोमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याचे घनमीटर १०२५ किलोच्या आसपास भरते आणि उणे १.९ अंशांना गोठेपर्यंत ते गार होईल तसे जडच होत जाते. सागरी प्रवाहांच्या मुळाशी वजनाचा हा किरकोळ दिसणारा फरक आहे. हजारात दोन-तीन भागांचा फरक, पण तो हजारो किलोमीटर पसरलेला आणि हजारो मीटर खोल असतो.

गोंदियासारख्या तलावांच्या जिल्ह्यात यातला तापमानाचा भाग समुद्र न पाहताही कळतो. गाढवी नदीवरच्या इटियाडोहसारख्या खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. तळाचे पाणी गार आणि जड, ते खालीच पडून राहते. दोन थर मिसळत नाहीत, म्हणून तळाला प्राणवायूही नीट पोचत नाही. हिवाळ्यात रात्रीच्या गारठ्याने वरचे पाणी जड होऊन खाली बसते, खालचे वर येते आणि सगळे पाणी एकजीव होते. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले मामा तलाव, आणि गावोगावच्या बोड्या यांत मात्र हे थर फारसे टिकत नाहीत. ते सगळे इतके उथळ असतात की वारा पाणी तळापर्यंत ढवळून काढतो.

तलावातली ही हालचाल उभी असते. समुद्रात तिला आडवी दिशा मिळते, कारण समुद्र सगळीकडे सारखा तापत नाही. विषुववृत्ताजवळ तो तापतो, ध्रुवांकडे गार होतो. कुठे ऊन आणि कोरडा वारा त्यातले पाणी उडवून नेतात आणि क्षार मागे राहतात, तर कुठे नद्या आणि पाऊस त्याला पातळ करतात. म्हणून एकाच खोलीवर एका बाजूला जड पाणी आणि दुसऱ्या बाजूला हलके पाणी अशी स्थिती येते. जड पाण्याच्या स्तंभाखाली दाब जास्त, हलक्याखाली कमी. तळाशी पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकते. हलके पाणी फुगलेले असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग थोडा उंच असतो, म्हणून वरच्या थरात ते उलट दिशेने, जड पाण्याच्या अंगावर वाहते. म्हणजे एकाच जागी दोन मजली, परस्परविरुद्ध प्रवाह तयार होतात.

हे प्रथम नीट दाखवून दिले ते लुइजी मार्सिली या इटालियन तरुणाने. १६७९ मध्ये तो इस्तंबूलला गेला. तिथल्या बॉस्फोरस सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राचे पाणी भूमध्य समुद्राकडे जोरात वाहते, हे सर्वांना दिसत होते. पण खाली दुसरा, उलटा प्रवाह आहे असे तिथले मच्छीमार सांगत. मार्सिलीने वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली. तिला ठरावीक अंतरावर पांढऱ्या रंगाने रंगवलेले बुचाचे तुकडे बांधले होते. वरचे तुकडे एका दिशेला ओढले जात होते. दोरी खोल गेली तसे खालचे तुकडे विरुद्ध दिशेला झुकू लागले. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने एक टाकी घेतली, मधोमध पडदा घातला, एका बाजूला काळ्या समुद्राचे कमी खारट पाणी आणि दुसऱ्या बाजूला रंग मिसळलेले जास्त खारट पाणी भरले आणि पडद्याला वर एक, खाली एक अशी दोन भोके ठेवली. भोके उघडताच खालच्या भोकातून रंगीत खारे पाणी पलीकडे गेले आणि वरच्या भोकातून हलके पाणी अलीकडे आले. वारा नाही, उतार नाही, तरी पाणी वाहिले. १६८१ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केले. समुद्रविज्ञानातले इतके सोपे आणि इतके निर्णायक प्रयोग फार थोडे आहेत.

खुल्या समुद्रात मात्र पाणी असे सरळ पलीकडे जाऊ शकत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे लांब पल्ला गाठणारे पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. शेवटी ते उंच भागाकडून सखल भागाकडे न उतरता त्या उताराच्या कडेकडेने वाहू लागते. उत्तर गोलार्धात प्रवाहाच्या दिशेने तोंड केले तर उंच, हलके पाणी उजव्या हाताला आणि सखल, जड पाणी डाव्या हाताला असते. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या बलाढ्य प्रवाहाच्या दोन काठांमध्ये समुद्राची पातळी साधारण एक मीटरने वेगळी असते. तो सगळा जोर रुंदी पाहता एवढ्याशा उतारावर तोललेला असतो. उजव्या हाताचा हा नियम पुढे भारताच्या किनाऱ्यावर लागणार आहे.

इथे शालेय भूगोलातल्या एका समजुतीला थोडी मुरड घालावी लागते. उष्ण पाणी ध्रुवाकडे आणि थंड पाणी विषुववृत्ताकडे, एवढ्यावर सगळे प्रवाह समजावून सांगितले की चित्र सोपे होते, पण अर्धेच राहते. समुद्राच्या वरच्या काहीशे मीटरांतले प्रवाह मुख्यतः वाऱ्याने चालतात. उत्तर हिंदी महासागरात तर मोसमी वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि त्यांच्याबरोबर प्रवाहही उलटे फिरतात. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे जातो. अरब खलाशांची गलबते शतकानुशतके या वेळापत्रकावर चालत. घनतेचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू होते ते वाऱ्याचा हात पोचत नाही अशा खोलीवर. आणि जिथे समुद्राच्या वरच्या थरातच वजनाचा मोठा फरक असतो, तिथे घनता वाऱ्यालाही जुमानत नाही. बंगालचा उपसागर हे अशा जागेचे ठळक उदाहरण.

आधी खोलीचा विचार. १७५१ मध्ये हेन्री एलिस नावाचा ब्रिटिश कप्तान गुलामांची वाहतूक करणारे जहाज घेऊन अटलांटिकच्या उष्ण भागातून जात होता. झडपा बसवलेली एक खास बादली त्याने दीड किलोमीटरहून खोल सोडली. वर समुद्राचे पाणी २९ अंशांच्या आसपास होते, खालून आलेले पाणी बर्फासारखे नसले तरी चांगले गार निघाले. एलिसला त्याचा उपयोग दिसला तो आंघोळीसाठी आणि मद्य गार करण्यासाठी. उष्ण कटिबंधात, जिथे हिवाळ्यातही समुद्र गार होत नाही, तिथे खाली थंड पाणी आले कुठून, हा प्रश्न त्याने विचारला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने त्याचे उत्तर दिले: ते ध्रुवांकडून तळातळाने सरकत आले असले पाहिजे. उत्तर बरोबर होते. जगातल्या सगळ्या समुद्राचे सरासरी तापमान जेमतेम साडेतीन अंश आहे. उबदार पाणी म्हणजे वरचा पातळ थर. पृष्ठभागावर २८-३० अंश असणाऱ्या बंगालच्या उपसागरातही तीन किलोमीटर खाली पाणी एक-दोन अंशांचेच असते, आणि त्याचा उगम दक्षिण ध्रुवाकडे आहे.

पाणी इतके जड होऊन बुडते अशा जागा जगात मोजक्याच आहेत. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रीनलंडच्या आसपास आणि लॅब्राडोर समुद्रात दक्षिणेकडून आलेले खारट पाणी हिवाळी वाऱ्यांनी गार होते आणि खाली बसते. अंटार्क्टिकाच्या काठाला वेडेल आणि रॉस या समुद्रांत आणखी एक गोष्ट घडते. समुद्राचे पाणी गोठताना बर्फात क्षार फारसे जात नाहीत, ते बाहेर टाकले जातात. त्यामुळे उरलेले पाणी गोठणबिंदूला टेकलेले आणि शिवाय जास्त खारट, म्हणून जगातले सर्वांत जड होते आणि खंडाच्या उतारावरून घसरत तळ गाठते. तिथून ते अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या तळाशी पसरते. हा प्रवास अतिशय संथ असतो. एकदा बुडालेले पाणी पुन्हा उजेड पाहायला काहीशे ते हजार वर्षेही घेते.

बुडालेले पाणी वर कसे येते, हा प्रश्न मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. वरून तापवलेले पाणी वरच राहते, आणि समुद्र तापतो तोही वरूनच. अशा अवस्थेत उष्णतेचा फरक एकट्याने मोठे चक्र चालवू शकत नाही, हे स्वीडनच्या यूहान सांडस्ट्रमने १९०८ मध्येच दाखवले होते. चक्र चालू राहायचे तर खालच्या थंड पाण्यात वरची ऊब कोणीतरी ढवळून मिसळली पाहिजे. ते काम वारा आणि भरती-ओहोटी करतात. वॉल्टर मंक आणि कार्ल वून्श यांनी १९९८ मध्ये त्यासाठी लागणाऱ्या शक्तीचा हिशेब मांडला तेव्हा आकडा सुमारे २० लाख मेगावॅट निघाला. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. अशी सहाशे केंद्रे अखंड चालली तर तेवढी शक्ती मिळेल. थोडक्यात, घनता प्रवाहाची वाट ठरवते, पण तो चालू ठेवण्याचा खर्च वारा आणि चंद्र उचलतात.

अटलांटिकमधले हे उभे अभिसरण सेकंदाला १ कोटी ७० लाख घनमीटरच्या आसपास पाणी हलवते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात टाकतात ते सेकंदाला सुमारे १२ लाख घनमीटर. २००४ पासून २६ उत्तर अक्षांशाजवळ, फ्लोरिडापासून आफ्रिकेपर्यंत, तारांना बांधलेली उपकरणे हा प्रवाह सतत मोजत आहेत. हेन्री स्टॉमेल या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये फक्त दोन पेट्यांचे गणित मांडून दाखवले होते की असे अभिसरण दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकते आणि उत्तरेला गोडे पाणी जास्त मिसळले तर ते मंदावू शकते. ग्रीनलंडचा बर्फ वितळू लागल्यापासून हे जुने गणित पुन्हा चर्चेत आले. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ते अभिसरण दुबळे होण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते एकदम कोलमडणार नाही असेही अहवाल म्हणतो, पण त्याबद्दलचा विश्वास मध्यमच असल्याची नोंद करतो.

हिंदी महासागराची गोष्ट वेगळी, कारण त्याला उत्तरेला आशिया खंडाने अडवले आहे. इथला समुद्र ध्रुवापर्यंत जातच नाही, म्हणून तळ गाठील इतके जड पाणी इथे तयार होत नाही. पण भारताच्या दोन बाजूंना एकाच अक्षांशावर दोन अगदी भिन्न समुद्र आहेत. अरबी समुद्रातून वाफ होऊन जाणारे पाणी पाऊस आणि नद्या मिळून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे. त्याची क्षारता किलोमागे ३६ ग्रॅम आणि त्याहूनही वर जाते. बंगालच्या उपसागरात उलट परिस्थिती. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा मोठ्या नद्या त्याच्या पदरात पडतात, वर त्यात पाऊसही भरपूर कोसळतो. पावसाळा संपताना उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता ३० च्या खाली, किनाऱ्यालगत तर त्याहूनही बरीच खाली येते.

हा फरक घनतेच्या भाषेत केवढा आहे हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. २८-३० अंशांच्या समुद्रात पाणी एक अंशाने गार झाले तर घनमीटरमागे सुमारे ३३० ग्रॅम वजन वाढते. क्षारता किलोमागे एक ग्रॅमने वाढली तर घनमीटरमागे सुमारे ७५० ग्रॅम. म्हणजे क्षारता तीनने उतरली तर पाणी जेवढे हलके होते तेवढे ते तापवून करायचे म्हटले तर जवळजवळ सात अंशांनी तापवावे लागेल. ध्रुवांजवळ हा तोल आणखी झुकतो. शून्य अंशाच्या आसपास एक अंश गारव्याने शंभर ग्रॅमही वजन वाढत नाही, तिथे सगळा भार क्षारांवरच असतो. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात एक विचित्र दृश्य मोजपट्टीवर उमटते. वर गार पाणी आणि खाली त्याहून एक-दोन अंशांनी उबदार पाणी, आणि तरीही ते उलथत नाही. खालचे पाणी खारट असल्यामुळे उबदार असूनही जड असते. तापमान आणि क्षारता यांच्या भांडणात इथे क्षारता जिंकलेली असते.

उपसागराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यात गोंदियाचाही वाटा आहे. धानाच्या बांध्यांतून धुऱ्यांवरून उतरलेले, तलावांच्या सांडव्यांवरून वाहिलेले पाणी बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांतून वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धेला भेटली की तिची प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गोदावरीच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग एकट्या प्राणहितेचा. नाशिकहून निघालेली गोदावरी पात्राने लांब खरी, पण राजमहेंद्रीला तिचा पावसाळी पूर भरतो तो मोठ्या प्रमाणात विदर्भाच्या आणि छत्तीसगडच्या पाण्याने. ती वर्षाला साधारण ११० अब्ज घनमीटर पाणी समुद्रात नेते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून याच्या दहापट आणतात, म्हणून उपसागर गोडावण्याचे मुख्य श्रेय त्यांचे. गोदावरी त्यात आपली भर घालते.

समुद्रात गेलेले हे पाणी लगेच विरघळून नाहीसे होत नाही. हलके असल्यामुळे ते दुधावरच्या साईसारखे वर पसरून राहते. पावसाळा ओसरला, वारे फिरले की उजव्या हाताचा नियम लागतो. किनाऱ्यालगतचे हलके पाणी उंच, खोल समुद्रातले खारट पाणी सखल. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले तर भारताचा पूर्व किनारा उजव्या हाताला येतो. म्हणून हे पाणी किनारा न सोडता दक्षिणेकडे वाहते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वाहणाऱ्या या प्रवाहाला पूर्व भारत किनारी प्रवाह म्हणतात. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये तोच उत्तरेकडे वळतो.

या गोड्या पट्ट्याचा नीट माग लागला तो एका साध्या योजनेमुळे. समुद्रात जहाज पाठवून क्षारता मोजणे महाग, आणि एका फेरीत एका वेळचेच चित्र मिळते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मे २००५ पासून वेगळा मार्ग धरला. किनाऱ्यावर आठ ठिकाणी मच्छीमारांना बाटल्या दिल्या. दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरायचे, बाटली भरायची, तारीख टाकायची आणि ठेवून द्यायची, एवढेच काम. गुडघाभर पाण्यातला नमुना खोल समुद्राची साक्ष देईल का, ही शंका रास्त होती. म्हणून ते आकडे खुल्या समुद्रातल्या मोजमापांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले. काही वर्षांच्या बाटल्यांतून जे दिसले ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाळ्याच्या अखेरीस उपसागराच्या उत्तर भागात क्षारता किलोमागे दहा ग्रॅमहून अधिक उतरते. ही घट सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या अरुंद पट्ट्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकते आणि अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाला पोचते. शोधनिबंधाने तिला नाव दिले ‘समुद्रातली नदी’. कोट्यवधींच्या उपकरणांच्या जगात बाटल्या आणि मच्छीमारांच्या शिस्तीवर उभे राहिलेले हे काम अधिक लोकांना माहीत असायला हवे.

हलक्या पाण्याच्या थराचा दुसरा परिणाम प्रवाहापेक्षा हवेवर अधिक होतो, आणि तो थेट गोंदियापर्यंत पोचतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर जोरदार नैर्ऋत्य वारे वाहतात. ते वरचे पाणी ढवळतात, सोमालिया, ओमान आणि केरळच्या किनाऱ्यांजवळ खालचे थंड पाणी वर आणतात, आणि ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र काही अंशांनी गार होतो. बंगालच्या उपसागरात वारे तुलनेने मंद असतात. शिवाय वर दहा-वीस मीटरांचा हलका थर बसलेला असतो. तो खालच्या जड पाण्यात मिसळायचा तर फार शक्ती लागते, तेवढी वाऱ्यात नसते. खालचा गारवा वर येत नाही, वरची ऊब खाली जात नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून हा फरक स्पष्ट केला.

हा फरक पावसाच्या दृष्टीने एका आकड्याभोवती फिरतो. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की समुद्राचा पृष्ठभाग २८ अंशांच्या वर असेल तरच त्यावर उंच, पावसाळी ढगांची दाटी होण्याची शक्यता वाढते. बंगालचा उपसागर पावसाळाभर बहुतेक वेळ या उंबरठ्याच्या वर असतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही जहाजे उपसागरात उभी करून झालेल्या मोहिमेत हेच प्रत्यक्ष मोजले गेले. ढग दाटले, पाऊस पडला की पाणी थोडे गार होई, आणि ऊन पडताच पातळ थर पुन्हा भराभर तापे. नव्या ढगांची तयारी सुरू.

या उबदार पाण्यावर जुलै-ऑगस्टमध्ये कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक जन्म घेतात. ती ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया त्यांच्या वाटेवर आधी येतो. सरळ रेषेत बंगालचा उपसागर गोंदियापासून ५३० किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईचा समुद्र ८०० च्या. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य भागात सर्वांत जास्त पाऊस पडतो, म्हणून ते छत्तीसगडवर असतानाच गोंदिया-भंडाऱ्यात झडी लागते. पऱ्हे वाढून तयार असतात आणि बांध्यांत पाणी नसते तेव्हा रोवणी याच झडीसाठी अडलेली असते. कोकणातला पाऊस सह्याद्रीच्या आणि अरबी समुद्राच्या जोरावर पडतो, झाडीपट्टीतल्या धानाला मात्र बंगालच्या उपसागराकडे पाहावे लागते. धुऱ्यांवरून वाहून गेलेल्या पाण्याचा अगदी छोटा अंश त्या उपसागराची ऊब टिकवायला कामी येतो, हे त्यातले गमतीचे. वाटा लहान आहे, पण हिशेबातून वगळता येत नाही.

याच रचनेची दुसरी बाजू चक्रीवादळांत दिसते. वादळ जाताना समुद्र ढवळून काढते आणि खालचे थंड पाणी वर आणून स्वतःचाच ऊर्जापुरवठा तोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपसागराच्या उत्तर भागात वर हलका थर आणि त्याखाली खारट पण उबदार पाणी असेल तर ढवळूनही थंड पाणी वर येत नाही, आणि वादळाला ऊर्जा मिळत राहते.

दक्षिण टोकाला पोचलेली ‘समुद्रातली नदी’ तिथे संपत नाही. श्रीलंकेला वळसा घालून तिचे पाणी अरबी समुद्रात शिरते. नोव्हेंबर ते जानेवारीत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. उत्तरेकडे तोंड केले तर हा किनाराही उजव्या हातालाच येतो, नियम तोच राहतो. उपसागराचे कमी खारट पाणी लक्षद्वीपजवळ आणि केरळच्या किनाऱ्यालगत पसरते. त्याच काळात अरबी समुद्राच्या उत्तर भागात कोरडे, गार वारे वाहतात. तिथले खारट पाणी गार होऊन खाली बसते आणि वर आलेल्या खालच्या पाण्याबरोबर पोषकद्रव्ये येऊन सूक्ष्म शैवालाची वाढ होते. एकाच समुद्रात उत्तरेला पाणी बुडत असते आणि दक्षिणेला हलका थर बसत असतो. त्या हलक्या थरामुळे लक्षद्वीपचा समुद्र उन्हाळ्यात लवकर तापतो, एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर जातो आणि जगातल्या सर्वांत उबदार समुद्रांत गणला जातो. केरळात मोसमी पावसाचे आगमन होण्याआधी कमी दाबाचा भोवरा अनेकदा याच भागात उभा राहतो.

हे सगळे आता सतत मोजले जाते ते मुख्यतः आर्गो नावाच्या तरंगत्या यंत्रांनी. माणसापेक्षा थोडी बुटकी अशी ही नळकांडी हजार मीटर खोल वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे पाठवून पुन्हा बुडतात. जगभरच्या समुद्रांत अशी जवळपास चार हजार यंत्रे आहेत. भारताच्या वाट्याचे काम हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र पाहते.

राहिला एक प्रश्न. दरवर्षी इतके गोडे पाणी येऊनही बंगालचा उपसागर वर्षानुवर्षे अधिकाधिक गोड का होत नाही? उत्तर पावसाळ्यातल्या प्रवाहात आहे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रातून निघालेला उन्हाळी मोसमी प्रवाह श्रीलंकेच्या दक्षिणेने पूर्वेकडे येतो आणि उपसागरात शिरतो. त्याचे पाणी खारट, म्हणून जड. उपसागराच्या हलक्या पाण्याशी गाठ पडली की ते त्याच्या खाली शिरते आणि तसेच उत्तरेकडे सरकते. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘सिंधु साधना’ या जहाजावरून भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्वयंचलित ग्लायडर सोडून हे खारट पाणी उपसागराच्या दक्षिण भागात हलक्या थराखाली वाहताना टिपले. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि वादळांच्या वेळी ते थोडेथोडे वर मिसळते, आणि नद्यांनी उतरवलेली क्षारता पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा भरून येते.